रोज सकाळी कोरी होणारी यादी

८ नोव्हेंबर २००६, बुधवार
पुन्हा कोरं. काल दुपारभर नात रश्मीच्या कॉम्प्युटरात नावं बसवली. मी केलेल्या बाळंतपणांच्या वहीतून मी वाचत होती, ती टाइप करत होती. आई कोण, गाव कोणतं, पोरगा का पोरगी, लगेच रडलं का उशिरा. मशीन दर वेळी सांगे, जतन झालं. आज सकाळी उघडलं तर एक नाव नाही.
पोरगा विनायक, रश्मीचा बाप, म्हणतो, "आई, तूच कुठलं तरी बटन दाबलं असशील."
म्हटलं, "अर्ध्या लालबर्रा गावातली पोरं ज्या हातानं काढली, त्या हाताले आता बटन सांभाळत नाही का?"

९ नोव्हेंबर, गुरुवार
आजही कोरं.
हे सगळं काहून, लिहून ठेवते. वारासिवनीच्या एका संस्थेले जुन्या जन्मांची यादी पायजे, कॉम्प्युटरवर. रश्मीनं त्याचा प्रोग्राम बनवला. सोमवारी तिथले साहेब पाहणार. चालला तर र.ले नोकरी. नाही चालला तर लांजीचं स्थळ विनायकनं धरूनच ठेवलं आहे, पाहुणे मंगळवारी. मिलवाले लोक.
र. चुलीपाशी येऊन हळूच, "आजी, मुझे नहीं करनी अभी शादी."
म्हटलं, बापाले सांगशील तर मराठीत सांग. मराठीतलं 'नाही' जास्त लागते.
तिच्या कॉम्प्युटर क्लासच्या सरले फोन केला. सर म्हणे लाइट गेली असेल. लाइट गेलीच नव्हती, तिनं सगळं नीट बंद केलतं. फोनवर बसून याले आमची लाइट दिसते!

१० नोव्हेंबर, शुक्रवार
मी म्हटलं, गुमान एकच नाव टाक. भुरीबाई, पोरगी, पायाळू.
पान बंद केलं, उघडलं. नाव आहे. अख्खा प्रोग्राम बंद केला, पुन्हा चालू केला. भुरीबाई गेली. र. रडाले लागली. म्हटलं, रडणं मंग. आधी हे सांग, नाव जाते कधी? प्रोग्राम झोपताना का उठताना?
तिले माहीत नाही. तिच्या सरलेही नाही.
"नावं ज्या कोठीत राह्यतात, ती प्रोग्राम न उठवता उघडता येते का?"
"हौ आजी. डेटाबेस वेगळा उघडता येते."
मंग तीन दिवस काय करून राह्यली होती पोरी!
तेवढ्यात लाइट गेली. खरोखरची.

११ नोव्हेंबर, शनिवार
भुरीबाई पुन्हा टाकली. प्रोग्राम बंद केला. कोठी उघडून पाहिली, बाई आत बसून आहे. प्रोग्राम चालू केला, कोठी पाहिली. साफ.
म्हणजे उठता उठता पुसते. माह्या बटनाचा काही संबंध नाही. विनायकले जेवताना दोनदा सांगितलं.
मी रोज पहाटे आंगणात सडा टाकते. कालची रांगोळी कोणी चोरत नाही, मीच पुसते, नवी काढाले. र.ले म्हटलं, तुह्या मशीनले कोणीतरी सडा टाकाले सांगून ठेवलं आहे. पाह्य कोणी ते.
तिनं सेटिंगची फाइल उघडली. वाचता वाचता थांबली. एक ओळ. "क्रिएट". चालू झालं की जुने तक्ते फेक, नवे बनव. सरनं सरावासाठी दिलती, रोज कोरी पाटी मिळाले पायजे म्हणून. हिनं जशीच्या तशी उतरवली.
म्हटलं, लाव सरले फोन. तिनं लावला नाही.
तिथं "अपडेट" लिहिलं. म्हणजे आहे ते राहू दे.

१२ नोव्हेंबर, रविवार
चारदा बंद, चारदा चालू. भुरीबाई जागेवर.
मंग सारी नावं पुन्हा पहिल्यापासून. घसा बसला.
विनायक दारातून, "झालं का आईचं ऑफिस?"
"हौ. तुले काम पायजे असन तर अर्ज दे."
एका पानावर सुनेचं नाव आलं. पोरगी, उशिरा रडली. ती र.च. तिनं टाइप केलं, मी पुढचं वाचलं.

१३ नोव्हेंबर, सोमवार
र. वारासिवनीहून चारले आली. यादी उघडली म्हणे, साहेबांनी गावंही विचारली. प्रोग्राम त्यांच्या मशीनवर बसवला. पण सेटिंगची फाइल त्यांच्या माणसानं स्वतःची टाकली. र. म्हणे, "दाखवा." तो म्हणे, "हो जाएगा मॅडम." त्यात कोणती ओळ आहे, देव जाणे.
साहेब म्हणाले, आज बंद करू, उद्या अकराले तुमच्यासमोर चालू करू. नावं राह्यली तर नोकरीचा कागद देतो.
पाहुणेही उद्या अकरालेच.
विनायक म्हणाला, "आई, तिले सांग, सकाळी चांगली साडी नेसाची."
सांगितलं. चांगली साडी नेस, साडेनऊची बस पकड, अन् चालू कराच्या आधी ती ओळ वाच. वाचू देत नसन तर खुर्चीवरून उठू नको.
पाहुण्यांपुढे मी बसते. विचारू दे मलेच, काय काय येते ते.