अप्पांच्या गाडीचं लोडिंग

११ मार्च
गेम सुरू व्हायला एवढा वेळ का लागतो? माहीत नाही. बीसीएस फर्स्ट क्लास, घरातली पहिली ग्रॅज्युएट, कंपनीत दिवसभर कॉम्प्युटरवरच, आणि हे सांगता येत नाही. माय म्हणाली, "मंग शिकलीस काय इतकी वर्षं?" हसतच म्हणाली, पण लागलं.

अप्पांना झटका आला त्याला आता एक हिवाळा झाला. डावं अंग गेलं, उजवा हात चालतो. बोलणं अर्धंमुर्धं. डॉ. म्हणाले, बोलतं ठेवा, नाहीतर आहे ती वाचाही जाईल. बोटं हलावीत म्हणून मीच ट्रकचा गेम टाकून दिला. सगळं आयुष्य पाण्याच्या टँकरवर गेलेला माणूस. पडद्यावर स्टिअरिंग दिसलं आणि डोळे उजळले. पण तो उघडेपर्यंत मायची गवार निवडून होते. कंटाळून हेही सोडलं तर?

१४ मार्च
मायनं कॉम्प्युटरला शिवलेलं कव्हर काढलं. जुन्या साडीचं, काठासकट. मशीन चालू असतानाही घालून ठेवते. "धूळ बसती." मिक्सर, टीव्ही, आमच्याकडं सगळ्यांना कपडे आहेत. तरी आत पंख्यावर धुळीचा थर. शेजारच्या प्लॉटवर बिल्डिंग चाललीय. पडेगावात आता जिकडं बघावं तिकडं तेच. सगळं साफ केलं. आवाज कमी झाला, वेळ तेवढाच.

१७ मार्च
कॉलेजची सॉफ्टवेअरं काढली. अँटिव्हायरसचं सारखं तपासणं थांबवलं. मशीनबरोबर आपोआप उघडणारं सगळं बंद. फरक, पण थोडाच.

पडद्यावर ती 'लोडिंग'ची पट्टी सरकत होती तेव्हा अप्पा मायला काहीतरी सांगत होते. पाणी भरायच्या फिलिंग पॉइंटवरची टँकरची लाइन, तिथल्या गाड्यावरची जब्बारभाईंची खिचडी. "जब्बार म्हणायचा, क्या वामनराव, भरी क्या? मी म्हणायचो, आधी तू पो... पोट भर." स्वतःच हसले. माय पदरानं त्यांचं तोंड पुसत होती आणि हसत होती. मग रस्ता आला, अप्पा गप्प. गाडी चालवताना बोलत नाहीत, पहिल्यापासून.
वायरी नीट लावायच्या राहिल्यात.

२१ मार्च
सापडलं! हार्ड डिस्क. बाकी सगळं बसून असतं आणि ती एकटी धापा टाकते. तपासणीत धोक्याची पिवळी खूण आली. कान लावला तर टिक-टिक. ऑफिसातली रुक्साना म्हणाली, "एसएसडी टाक गं, उडंल मशीन." तिच्या भावाची एक तसली वेगवान डिस्क पडून आहे, वापर म्हणाली.

नळाला पाणी नाही. समोरच्या नव्या सोसायटीत रोज टँकर येतो. हॉर्न वाजला की अप्पा खिडकीकडं मान वळवतात.

२४ मार्च, रविवार
सगळं जुन्या डिस्कवरून नव्या डिस्कवर जसंच्या तसं उतरवलं. संध्याकाळी अप्पांना बसवलं. पट्टी दिसली न दिसली तोच रस्ता समोर. मी टाळीच वाजवली.

अप्पा बघत राहिले. "भरली?"
"व्हय अप्पा, झालं."
"एवढ्यात? नाय. रि... रिकामी हाय."
कीबोर्ड ढकलला.
"रिकामी नेऊन काय सांगू? बायका हंडे घेऊन बसल्यात."

मला आधी कळलंच नाही.

लोडिंग. अप्पांना इंग्रजीतले मोजके शब्द वाचता येतात, त्यातला हा एक. फिलिंग पॉइंटच्या पाटीवरचा. लोडिंग म्हणजे टाकी भरतेय. पट्टी सरकते ते पाणी चढतंय. इतके दिवस ते गेमसाठी ताटकळत नव्हते, नंबरला उभे होते. आणि नंबरला उभा असलेला माणूस बोलतो.

२७ मार्च
"अप्पा, त्या गाडीत पाणी नसतंच" असं सांगून बघितलं. माझ्याकडं असं बघितलं की

नको होतं सांगायला.

अप्पांचा गाडीला हात नाही तेव्हापासून. कामावरून आले की शेजारी बसते. लासूरच्या बाजूच्या खेपा, जब्बारभाई, एकेक विचारते. "हं." एवढंच. माय म्हणाली, "मुलाखत घेतीस का त्यांची? गप बस की जरा." मग स्वतःच आत गेली, आणि लावलेली भांडी परत लावत राहिली.

२९ मार्च
आज त्यांना मायचं नाव आठवेना. "ए..." म्हणाले आणि थांबले. माय म्हणाली, "असू द्या. मी ए-च हाय."
डॉ.ना फोन केला. बोलतं ठेवा. तेच.

जुनी डिस्क ड्रॉवरमध्ये आहे. आठवडा चालेल, वर्ष चालेल, कुणी सांगावं. बिघडलेलं नीट करावं, शिकलेल्या माणसाचं तेवढं तरी काम आहे, असं मी मानत आले. नीट झालेलं परत बिघडवायचं? आणि ही गेली तर इतकी हळू दुसरी कुठं मिळणार?

३१ मार्च, रविवार
जुनी बसवली. सकाळीच, अप्पांची आंघोळ चालली होती तेव्हा. मग मशीन चालू केलं, खुर्ची पुढं ओढली. पट्टी निम्म्यावर अडली. टिक-टिक ऐकू येत होती. अप्पांनी हात कीबोर्डवर ठेवला, बाजूला ढकलला नाही. बोलले नाहीत. पट्टी भरून रस्ता येईपर्यंत नाही. उद्या परत गेम लावीन.

नवी डिस्क घरात राहिली तर ती परत बसवल्याशिवाय माझ्याच्यानं राहवणार नाही. दुपारी चिकलठाण्याला जाऊन रुक्सानाला परत देऊन आले.