वगारीचं नाव

शकुनताई,

मुलीला घेऊन मी बडनेऱ्याला आईकडे जाते आहे. वरण चुलीवर झाकून ठेवलंय. मी 'नूतन' नाव सुचवलं तेव्हा "म्हातारी झाल्यावरबी तिले नूतनच म्हणाचं काय वं?" म्हणून हसलात आणि बारशात आत्याच्या मानानं तिच्या कानात 'पार्बता' सांगून मोकळ्या झालात. आता ती त्याच नावाला ओ द्यायला लागेल, या धास्तीनं मला झोप नाही. घरात सगळे नूतन म्हणतील तेव्हाच परत येईन.

म्हशीच्या वगारीला पाणी दाखवा. बारशापासून तुमच्या माघारी मी तिला 'शकुन' म्हणते. अंगणात उभं राहून मोठ्यानं तीच हाक मारा, त्याशिवाय ती येत नाही. काळजी नको, मोठी म्हैस झाल्यावरही तिला हे नाव शोभेल.

नूतनची आई