आतली खोली

धाड,
१४ नोव्हेंबर २०२५

चि. महादेव यास,

उत्तमदादाचा आशीर्वाद. इकडे सर्व ठीक. कापसाची वेचणी सुरू आहे, थंडीने तुझ्या शालूवहिनीचे गुडघे कुरकुरतात, एवढंच. जानेफळला तुम्ही सगळे खुशाल असालच.

फोन केला नाही. वर्षभर आपण बोललो नाही, तू उचलला नसतास. परवा चिखलीच्या बसस्टँडवर तुझा ऋत्विक भेटला. म्हणाला, आई-बाबा समुद्रातल्या बोटीच्या सहलीचं बुकिंग करत आहेत. मला हसूच आलं. विहिरीत वाकून पाहिलं तरी तुला गरगरतं, आणि तू निघालास समुद्रावर!

जाणारच असशील तर चार गोष्टी ऐकून जा. मी गेल्या वर्षी जाऊन आलो आहे, तू नाहीस.

ती बोट नव्हेच. लग्नाचा हॉल पाण्यात ढकलून दिलाय झालं. चढताना सामान तपासतात. शालूने दोन दिवस खपून दशम्या आणि ठेचा बांधला होता. बाहेरचं खाणं चालत नाही म्हणून गणवेशातल्या बाईने हातमोजे घालून तो डबा उचलला, मेलेला उंदीर उचलावा तसा. आणि आतलं जेवण म्हणजे रांग. शिकले-सवरलेले लोक पहिली पंगत चुकल्यासारखे धावतात, ताट शिगोशीग भरतात आणि अर्धं टाकून देतात. किनारा सुटला की मोबाईल मुका. पहिल्याच दिवशी केशरी जाकीट कसं घालायचं ते शिकवतात, म्हणजे बुडण्याची आठवण आधीच करून ठेवतात. याला म्हणे आराम!

उलटीच्या गोळ्या घरूनच ने, आणि डॉक्टरला विचारून बोट सुटण्याआधी घ्या. उलट्या सुरू झाल्यावर घेऊन उपयोग नसतो. आम्हाला हे कोणी सांगितलं नाही. शालू पहिल्याच संध्याकाळी आडवी झाली, ती तीन दिवस उठली नाही.

खोलीचं लिहायचं टाळत होतो, पण लिहितो.

बुलढाण्याच्या एजंटने विचारलं, "काका, आतली खोली देऊ का बाहेरची?" आता आपल्या घरी बाहेरच्या खोलीत कोण असतं? आला-गेला आणि खताची पोती. आतल्या खोलीत देव, दागिने आणि घरची बाई. पैशाचा प्रश्नच नव्हता. मी ऐटीत म्हणालो, "आतली. आमच्या घरची बाई बाहेरच्या खोलीत राह्यत नाही."

त्याच संध्याकाळी तुझा फोन आला. "दादा, खिडकीवाली घे. वहिनीले समुद्र दिसला पाहिजे." मी काय बोललो ते तू विसरला नसशील. "तू मले शिकवतो काय बे? बायकोले खिडकीत बसवायची हौस तुलेच असंन!" पुष्पा तुझ्या शेजारीच बसली होती, हे मला नंतर कळलं.

महादेव, आतल्या खोलीला खिडकी नसते. भिंतीवर पडदा होता. शालूने तो हौसेने सारला, तर मागे नुसती भिंत. तिने पडदा पुन्हा नीट लावला आणि म्हणाली, "चांगली हाये खोली. थंडी नाही लागणार." मग तीन दिवस त्या पडद्याकडे तोंड करून पडून राहिली. बोटीवरचा डॉक्टर म्हणाला, यांना वर मोकळ्या हवेत न्या, दूरचं पाणी बघू द्या, बरं वाटेल. मी हो म्हणालो आणि वर जाऊन पत्ते कुटत बसलो, एजंटची अक्कल काढत. खाली तिच्यासमोर बसायची माझी छाती नव्हती. उतरताना तिला बंदरातलं गढूळ पाणी तेवढं दिसलं. लहानपणापासून तिला समुद्र पाहायचा होता.

आपली शेजारीण सोजराबाई वर्षभर लेकीकडे राहून परवाच परतली. काल ओट्यावर बसून तिने शालूला विचारलं, "कसा होता वं समुद्र?"

मी दाराआड होतो.

"काय सांगू माय," शालू म्हणाली, "सकाळी उठून पडदा सारला का पाणीच पाणी. यायनं मुद्दाम खिडकीवालीच खोली घेतली होती माह्यासाठी."

मी चपला न घालताच शेताकडे निघून गेलो. या पत्रात सगळ्यांना मूर्ख ठरवून झालं, खरा एकच होता.

तेव्हा बुकिंग करशील तर बाहेरच्या खोल्या सांग, आणि एक नको, दोन सांग, शेजारीशेजारी. शालूला मी अजून काही बोललो नाही. आधी पुष्पाला विचार. ती नाही म्हणाली तर तिचं बरोबरच आहे. हो म्हणाली तर मला फोन कर, मी पहिल्या घंटीला उचलीन. गोळ्या मी आणतो.

थोरल्या दिराने आशीर्वाद लिहायचा असतो, पण पुष्पाला तो लिहायला मला तोंड नाही. तिला माझी माफी वाचून दाखव, मोठ्याने.

तू सांगितलेलं न ऐकणारा,
तुझा दादा
उत्तम