साडेवीसच्या आत

अल नस्र, दोहा
२ नोव्हेंबर २०२५

ती. बाबांस,
कुशलचा सा. न. वि. वि.

तुमच्या हुकमाप्रमाणे हाताने लिहून फोटो पाठवतोय. टाईप केलेलं पत्र तुम्हाला बँकेच्या नोटिशीसारखं वाटतं, त्याला काय करणार! मोठं करून वाचा. डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख मिळाली का?

इकडे ठीक म्हणायचं. दिवसभर सिमेंट-सळयांचे आकडे बघतो. कॉन्ट्रॅक्ट वाढेल का विचारलं, की मॅनेजर 'इन्शाल्ला' म्हणून मोकळा. खोलीत दिलावर लखनौचा, जैद केरळचा. मराठी बोलणारा मी एकटाच, त्यामुळे मराठीत चिडायचीसुद्धा सोय नाही.

ऑफिसनंतर विरंगुळा म्हणून आम्ही मुलींच्या टेनिसच्या लहान स्पर्धांचे अंदाज बांधतो. कोण जिंकेल ते नाही, दोघींचे मिळून गेम किती होतील एवढंच. वेबसाइटवर आकडा असतो, समजा साडेवीस. मॅच त्याच्या वर जाणार की आत राहणार, ते ओळखायचं. सहा-दोन, सहा-तीन झालं तर सतरा, म्हणजे आत. तिसरा सेट लागला की बहुतेक वर. मोठ्या खेळाडूंचं जगाला ठाऊक असतं. या लहान स्पर्धांतल्या मुलींचं कुणालाच काही माहीत नसतं, म्हणून इथे डोकं चालतं.

आसावरीचं कसं चाललंय? पूर्वी तुम्ही तिच्या मॅचचं बारीकसारीक लिहायचात आणि मी ते वगळून पुढे वाचायचो. आता लिहा, मी वाचेन.

लोभ आहेच, तो राहू द्या.
आपला,
कुशल


नाशिक
६ नोव्हेंबर २०२५

चि. कुशल यास,
अ. उ. आ.

तुझं पत्र वाचून बरं वाटलं. इतक्या वर्षांत बहिणीच्या खेळाची चौकशी तू आपणहून केलीस. पैजा लावत नाहीस ना? नुसता अंदाज असेल तर माझी ना नाही. तीस वर्षं शाळेत पी.टी. शिकवली, वॉर्मअप बघून मॅच सांगायची खोड मलाही होती.

आता घरातलं. आसावरीचं उजवं कोपर गेलंय. लांब बाह्यांचा शर्ट घालते आणि आत पट्टी बांधते, म्हणजे समोरचीला पत्ता लागू नये. कपाटातला डबा काढायलाही डावा हात लावते. कुणाला म्हणजे कुणाला सांगू नका, असं तिने मला बजावलंय. पण तू काही 'कुणी' नव्हेस.

बारा तारखेला सोलापूरला तिची पहिली फेरी आहे. माझं मत विचारशील तर दोन सेटांतच आटपेल. दुसऱ्या सेटपर्यंत तिची सर्व्हिस टिकायची नाही. मी जाऊ नकोस म्हणतोय, पण ऐकते कुठे! डॉक्टरांनी मला धुळीत जायची बंदी केली आहे, म्हणून एकटीच जाईल. पंधराला माझं ऑपरेशन. त्यानंतर काही दिवस वाचायचं नाही, तेव्हा तुझं पत्र तीच वाचून दाखवेल.

वेळेवर जेवत जा. तुझी आई असती तर हेच आधी लिहिलं असतं.

तुझे,
बाबा


अल नस्र, दोहा
१६ नोव्हेंबर २०२५

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

ऑपरेशन नीट झालं असेल. सुट्टी मिळाली नाही, नाहीतर आलो असतो.

सोलापूरचा स्कोअर बघितला. सात-सहा, तीन-सहा, सात-पाच. चौतीस गेम! तुम्ही तर दोन सेटांत आटपेल म्हणाला होतात. कोपर इतकं दुखत होतं तर ही तिसरा सेट कशाला खेळली? मी तुमच्या शब्दावर होतो, त्याचा मला जरा त्रास झाला. ते जाऊ दे.

पुढची मॅच कधी? कोपर नक्की किती दुखतं, दहापैकी आकडा सांगा. मोघम नको. आणि हे जरा लवकर कळवा.

खूप थकलोय. लोभ असावा.
कुशल


नाशिक
१९ नोव्हेंबर २०२५

प्रिय दादास,
आसावरीचा नमस्कार.

बाबांना रविवारपर्यंत वाचायला मनाई आहे. म्हणून तुझं पत्र मी उघडलं, आणि नशीब, आधी मनात वाचलं.

मी जिंकले, दादा. तू चौतीस गेम मोजलेस आणि नेमकं तेवढंच लिहायचं विसरलास. तिसऱ्या सेटमध्ये हात खांद्याच्या वर जाईना, तेव्हा खालून सर्व्हिस केली. समोरची हसली. हसू दे म्हटलं.

मग बाकावर बसून फोन उघडला. मॅच झाली की मला शिव्यांचे मेसेज येतात, हरले तरी आणि जिंकले तरी. कुणाचे तरी पैसे बुडालेले असतात. बहुतेक इंग्रजीत असतात, मी पुसून टाकते. त्या दिवशी एक मराठीत होता, बिननावाचा. 'कोपर गेलंय ना तुझं? मग हरत का नाहीस?'

माझ्या कोपराचं फक्त बाबांना ठाऊक होतं. मला वाटलं, त्यांनी कॉलनीत कुठे तरी सांगितलं. घरी येऊन मी त्यांच्याशी धड बोलले नाही. त्यांना ऑपरेशनला नेलं तेसुद्धा तोंड पाडून. मग तुझं पत्र आलं. त्यांच्या फोनमधली आधीची दोन्ही पत्रं, तुझं आणि त्यांचं, मी काढून वाचली. खोलीत मराठी बोलणारा तू एकटाच, हे तूच लिहिलं आहेस. मराठीत चिडायची सोय शेवटी सापडली तुला.

दुखण्याची बातमी बाहेर द्यायची नाही, अशी आम्ही सही करून दिलेली असते. घरच्याने त्यावर पैज लावली तर बंदी माझ्यावर येऊ शकते. बाबांना हे माहीत नाही आणि मी कळू देणार नाही. आपल्यामुळे झालं असं ते मनाला लावून घेतील. तुझ्यावर खूप संतापायचं ठरवलं होतं, पण आता तेवढं बळही नाही. नुसतं वाईट वाटतंय.

बाबा सारखे विचारत होते, काय म्हणतो कुशल? मी तुझ्या पत्राचा फोटो समोर धरला आणि मनाचंच वाचलं. "आसावरी जिंकली म्हणून मी खोलीत सगळ्यांना चहा पाजला. तिला म्हणावं, आधी कोपर दाखव, खेळ कुठे पळून जातोय?" बाबांनी पुन्हा वाचायला लावलं. दुसऱ्यांदा मला शब्द आठवेनात, पण त्यांच्या लक्षात आलं नाही. डोळ्याला पाणी लागू द्यायचं नाही असं डॉक्टर म्हणाले होते, ते काही जमलं नाही. म्हणाले, "बघ, पोरगं बदललं."

रविवारी चष्मा मिळाला की ते पत्र स्वतः बघायला मागतील. तुझं अक्षर ते लांबून ओळखतात. त्याआधी ते पत्र लिहून पाठव. मी वाचलं तसंच लिही, चहासकट. मला लोभ नको, दादा, पत्र हवं.

आसावरी