नारळ ठेवू नकोस

मार्गशीर्ष वद्य पंचमी, शके १८५१

प्रिय महिपत,

आजीचा आशीर्वाद घे, आणि त्याच्या मागोमाग राग येतो आहे तोही घे. तुझं पत्र परवा पोचलं. चिमाला सातवा लागला. पाय जरा सुजतात, पण खाते-पिते. कपिला व्याली, पाडा झाला. गोठ्यामागच्या चिंचेला यंदा पहिल्यांदाच आकडे धरलेत आणि तुझी बायको ते कोवळेच मिठाला लावून खाते, सांगून ऐकत नाही. अक्षर वाकडं आहे ते चालवून घे. माझे वडील देवरुखास शाळेची घंटा बडवीत, म्हणून दाराशी बसून दोन बुकं शिकले, तेवढ्यावरच हे चाललंय. रागात अक्षर मोठं येतं असं दिसतं, कागद पुरायचा नाही.

तू लिहितोस, सप्ताहात आजीच्या हातून चूक झाली असं गावकीचं पत्र आलं, शिमग्याला येईन तेव्हा आपल्या घराच्या वतीने देवळात नारळ ठेवून माफी मागेन, एका नारळाने काय बिघडतं. बिघडतं, बाबा. गावकीने तुला अर्धंच कळवलंय. उरलेलं अर्धं मी कळवते.

कार्तिकातला नामसप्ताह तू लहानपणापासून बघितलास. सात दिवस, सात रात्री समई विझू द्यायची नाही आणि रामकृष्णहरी थांबू द्यायचं नाही. एकाने टाळ सोडायच्या आधी दुसऱ्याने म्हणायला लागायचं, मध्ये श्वासाएवढीही फट पडता नये. आपला पहारा तिसऱ्या दिवशीचा, दुपारपासून दिवेलागणीपर्यंत. तू मुंबईस, म्हणून तुझ्या जागी शेजारचा दादू आणि जोडीला वरच्या घरचा भिकाजी उभे होते. मी आणि चिमा त्यांच्यासाठी सुंठीचं गूळपाणी घेऊन गेलो होतो. दादूचा गळा म्हणजे ओल्या लाकडाचं जातं, कितीही सुंठ घाला.

तर ऐन दुपारी पऱ्याकडून भोंगा वाजायला लागला. लांज्याला जाणारी नवी सर्विस मोटर पऱ्याच्या वाळूपाण्यात रुतली होती आणि तिचा ड्रायव्हर गफूर माणसं जमावीत म्हणून भोंगा दाबत होता. देवळातली चारदोन माणसं उठली, मग सगळीच उठली. दादू फेर धरता धरता दारापाशी रेंगाळला आणि एका फेरीला बाहेरच राहिला. उरला भिकाजी. तोंडात नाव, त्यामुळे बिचाऱ्याला बोलता येईना. मला हातानेच खुणा करून सांगू लागला, की दादूला धरून आणतो, हा गेलो आणि हा आलो. टाळ पायरीवर ठेवले आणि पळाला. मला आठवलं की अजून हसू येतं. इतक्या वेगाने तो कधी शेतावर गेला नाही.

शेवटचं हरी त्याच्या तोंडून निघालं आणि मंडपात आम्हा दोघींशिवाय कुणी नाही. नुसती समई.

महिपत, आता एक सांगते, जे तुला कधी सांगितलं नाही. अकरा वर्षं मी देवाचं नाव घेतलं नव्हतं. मानमोडीच्या तापाची साथ आली, तुझा बाप शिवा अंथरुणाला लागला, तेव्हा देवळातल्या गुरवाने सांगितलं की लक्ष जप कर, पोर उठेल. मी चिंचोके घेऊन बसले. माळ झाली की एक चिंचोका या टोपलीतून त्या टोपलीत. त्याच्या डोक्यावर एक हात, दुसऱ्या हातात माळ. मूठभर चिंचोके राहिले होते तेव्हा तो गेला. मी दोन्ही टोपल्या उचलल्या आणि गोठ्यामागे शेणकईच्या खड्ड्यात उपड्या केल्या. तिथे चिंच उगवली ती त्यातलीच. कुणी बघत असेल तर ओठ हलवीत असे, सणासुदीला टाळी वाजवीत असे, पण आत नाव नव्हतं. तू सहा वर्षांचा होतास, तुझ्यासमोर रडायचं नाही म्हणून मग रागावूनच राहिले. रागाला कामं करता येतात, रडण्याला येत नाहीत.

आणि त्या दुपारी ते थांबतंय असं दिसल्यावर माझ्या तोंडून आपोआप निघालं. मी ठरवलं नव्हतं. टाळ उचलले आणि समईभोवती चालायला लागले. भिकाजी आला नाही, दादू आला नाही. भोंगा थांबला, उन्हं कलली, पाय भरून आले, मी आपली म्हणतेच आहे. शेवटी गळा असा चिकटला की आवाज फुटेना. तेव्हा चिमा उठली. तुझी बायको, जिचा आवाज दोन वर्षांत वाडीतल्या कुणी ऐकला नाही, जी मला मीठसुद्धा खुणेने मागते, तिने माझ्या हातातले टाळ धरले आणि माझ्या हरीवर तिचा राम चढवला. तेवढं पोट घेऊन अशी म्हणत होती की मी खांबाला टेकून बघतच राहिले. मला इतका आनंद तू झालास तेव्हा झाला होता, त्यानंतर आताच.

दिवेलागणीला दोघे आले. कुठून, तर लांज्याहून. मोटर ढकलून वर काढली म्हणून गफूरने त्यांना फुकट बसवून नेलं. दादूच्या तोंडात पेपरमिटाची गोळी होती, त्याच तोंडाने तो टाळ मागायला आला.

मला वाटलं, गाव म्हणेल, बरं झालं, सप्ताह वाचला. पण सप्ताह उठल्यावर गावकीच्या रघू गावकराने बैठक बसवली. दादू-भिकाजी पऱ्यापर्यंत गेले ती परोपकाराची गोष्ट ठरली. बाईमाणसाने पहारा धरला, त्यातून एक विधवा आणि एक गरवारशी, म्हणून सप्ताह मोडला, हा दोष ठरला. घरच्या पुरुषाने नारळ ठेवावा, नाहीतर पहारा दुसऱ्या घराला. गफूर आठवड्याने इकडून जाताना स्वतः थांबला, म्हणाला, आजी, मी येऊन सांगतो त्यांना, तुमची दोन माणसं माझ्या मोटरीत गाणी म्हणत बसली होती. रघूने त्याला देवळाच्या गोष्टीत पडू नको म्हणून वाटेला लावलं. आणि मला तर त्या बैठकीतच सगळ्यांसमोर विचारलं होतं, काय गो म्हातारे, जे ओरडत होतीस त्याचा अर्थ तरी ठाऊक आहे का तुला? लोक हसले. उत्तर सुचलं ते घरी भात झोडताना, तसंच असतं आपलं.

अर्थ हा, की नाव कुणा एकाचं नाही. शिवासाठी जपत होते तेव्हा मी ते मुठीत धरून बसले होते, मोजून, मला इतकं दे मग मी इतकं देते. त्या दुपारी कशासाठीच म्हटलं नाही. भिकाजीच्या तोंडातून पडलं ते मी झेललं, माझ्यातून चिमाने झेललं. म्हणणारा दमतो, नाव दमत नाही. एवढंच मला कळलं आणि ते कळायला रघूची परवानगी लागली नाही. पुढच्या वर्षी पहारा मिळो न मिळो. माझ्या ओटीवर आता दर सोमवारी दुपारी पाचसात बाया नाव घ्यायला जमतात. दादूची बायको गंगा तर सर्वांच्या आधी येते आणि नवऱ्याच्या पेपरमिटाची नक्कल करून दाखवते.

आणि अशात तू लिहितोस, एका नारळाने काय बिघडतं. रघूचा मला राग नाही एवढा तुझा आला. रघू परका आहे.

पण हे सगळं लिहायला बसले ते रागावून नव्हे. तुझं पत्र आलं तेव्हा चिमा हात पुसत धावत आली, तिला वाचता येत नाही, मीच वाचून दाखवते. मी वाचलं आणि नारळाची ओळ आली ती गाळली. तेव्हापासून ती रोज दुपारी फळीवरून पत्र काढून आणते, पुन्हा वाचा ना म्हणते, आणि तिथे आलं की माझी जीभ अडखळते, ती माझ्या तोंडाकडे बघते. तिला वाटतंय, नवऱ्याला आपला अभिमान वाटत असेल. म्हणून मला दुसरं पत्र पाठव. कामाचं, खोलीचं, पावसाचं, काय हवं ते लिही, तिच्याविषयीही दोन शब्द लिही. फक्त असं लिही की मला ते पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत कुठेही न थांबता तिला वाचून दाखवता येईल.

तुझीच,
रागावलेली आजी