पेन ड्राइव्हवरचं बिऱ्हाड

३ फेब्रु., मंगळ.
...एक डोळा दुधावर, हातात खोबऱ्याची वाटी, आणि नळ जायच्या आत पिंप भरायचं. हे टेबलाशी. लॅपटॉपला पेन ड्राइव्ह लावून म्हणाले, "बघ गं, लॅपटॉप कुणाचाही असू दे, बिऱ्हाड आपलं. विंडोजसारखं अख्खं लिनक्स एवढ्याशात." मी म्हटलं, आधी पिंपाकडे बघा, वाहतंय. अशा कितीतरी सकाळी गेल्या. आज हीच का आठवली कोण जाणे.

दुपारी निखिलचा फोन. बेंगळुरूहून, ऑफिसच्या वेळेत. "आई, बीपी कधी तपासलंस?" एकदम बीपी? रविवारी ओट्यापाशी चक्कर आली, ते मी कुणाला सांगितलेलं नाही. सांगितलं की हा तिकीट काढणार, चारकोपचं घर भाड्याने देणार, आणि मला तिकडे चौदाव्या मजल्यावर नेऊन ठेवणार. मग कळलं कुठून?

४ फेब्रु., बुध.
वरच्या पालव वहिनींवर संशय. ओटा धरताना पातेलं पडलं होतं, तो आवाज वर गेला असणार. सरळ विचारलं.
"माझ्यार संशय गो? तुझ्या झिलाचो नंबर तरी असा काय माझ्याकडे?"
मुलाचा नंबरच नाही म्हणे. रागावल्या. तरी संध्याकाळी तांब्याभर सोलकढी देऊन गेल्या. का दिली?

मग जेवताना आठवलं. चक्कर हा शब्द मी एकाच ठिकाणी काढला होता. सोमवारी लॅपटॉपवर. "चक्कर का येते."

५ फेब्रु., गुरु.
गळ टाकला. लॅपटॉपवर शोधलं, "घरात मांजर पाळण्याचे फायदे". नि.ला लहानपणापासून मांजराने शिंका येतात. मला मांजर नकोच आहे.

६ फेब्रु., शुक्र.
फोन आला. हवापाणी, सुनेची बदली. मग हळूच, "आई, एकटं वाटतं का गं? म्हणजे... मांजरबिंजर आणू नकोस हं."
"मांजर कुठून आलं मध्येच?"
"असंच यार, सुचलं."
असंच!

लॅपटॉप उघडून नीट पाहिला. कोपऱ्यात त्याचा फोटो. ह्यांचं तेरावं झाल्यावर त्यानेच सगळं लावून दिलं होतं. "माझंच अकाउंट ठेवतो, तुला पासवर्डची कटकट नको." म्हणजे मी शोधते ते सगळं त्याला तिकडे दिसतं. वाचतो आणि गप्प बसतो. ह्याला मी वाढवलं.

८ फेब्रु., रवि.
ह्यांची ती पेन ड्राइव्हची स्टिक शिवणाच्या डब्यात होती. लावली, तर नेहमीचंच उघडलं, नि.च्या फोटोसकट. विसरले होते. चालू होतानाच एफ-बारा दाबत राहायचं. हे म्हणायचे, "उशिरा आलेल्या माणसाने बेल वाजवावी तसं." तिसऱ्या खेपेला स्टिकवरचं बिऱ्हाड उघडलं.

अक्षरं मोठी मोठी, ह्यांच्या मोतीबिंदूच्या वेळची. मराठी टायपिंग बसवलेलं. वाय-फाय आपोआप लागलं. कोपऱ्यात कुणाचा फोटो नाही. चक्कर या विषयावर पोटभर वाचलं. कानापासून हृदयापर्यंत कशानेही येते म्हणे.

मग बंद करून, स्टिक काढून, साधा लॅपटॉप लावून तपासला. शेवटचं शोधलेलं मांजरच. स्टिकचं स्टिकमध्येच राहिलं.
तरी विश्वास नाही. थांबून बघायचं.

११ फेब्रु., बुध.
रविवारपासून स्टिकवरच. आज नि.चा फोन, "लॅपटॉप उघडत नाहीस वाटतं?"
सापडला!
"तुला काय माहीत?"
"नाही... विचारलं आपलं."
"पुस्तकं वाचते."
"बरी आहेस ना पण?"
"मला काय धाड भरलीय!"
खोटं कशाला बोलू, मजा वाटली.

संध्याकाळी वाळलेले कपडे काढताना पुन्हा चक्कर. खिडकीचे गज धरून खाली बसले. उठवेना. बराच वेळ तशीच. काढलेले कपडे अंगावर पडलेले.

१२ फेब्रु., गुरु.
स्टिक लावली. शोधायच्या चौकटीत "च" लिहिलं तर खाली आपोआप दोन ओळी आल्या. पहिली माझी, चक्करची. दुसरी, "चालताना धाप लागणे कारणे".
ही माझी नाही.

ह्यांना धाप लागायची? कधी विचारलं तर म्हणायचे, "जिना चढून आलो ना, म्हणून." एका मजल्याचा जिना. मीही मान डोलवायची. छातीतली ती शेवटची कळ यायच्या आधी किती दिवस इथे बसून हे वाचत होते? मी पलीकडे स्वयंपाकघरात असताना. मी काय केलं असतं, दवाखान्यात नेलं असतं, एवढंच ना?

फोटोसमोर जाऊन विचारलं, कुणापासून लपवत होता? माझ्यापासून? जेवण गेलं नाही. ह्यांच्यावर इतका राग मागे कधी आला होता, आठवत नाही. आणि स्टिक हातात घेऊन मी तरी काय वेगळं...

१३ फेब्रु., शुक्र.
सकाळी स्टिक न लावता लॅपटॉप चालू केला. शोधायच्या चौकटीत लिहिलं, "निखिल, मला दोनदा चक्कर आली. आज डॉक्टरकडे जाते. घर सोडणार नाही. चोरून वाचू नकोस, विचारत जा." एंटर दाबलं. पालव वहिनींना खालून हाक मारली आणि दोघी रिक्षाने डॉक्टरकडे गेलो.