शेरा: समाधानकारक

चि. धाकटीस, थोरलीचे आशीर्वाद.

तुझा गुडघा आणि भावजींचा खोकला ताळ्यावर आला असेलच. नसला तर डॉक्टरकडे जा, पण एकाच. आमच्याकडे चार झाले आहेत.

(पत्र वाचून फाडायचं. भावजींना दाखवायचं नाही.) यांचा झोपायच्या खोलीतला 'तो' त्रास तुला ठाऊक आहे. वर्षभर यांनी तो ऑफिसच्या थकव्यावर ढकलला, शेवटी मीच ओढत दवाखान्यात नेलं. तिथे एकच दुखणं चौघं वाटून घेतात. एक रक्त तपासतो, दुसरा गोळ्या देतो, तिसरी व्यायाम शिकवते आणि चौथ्या समुपदेशक बाई विचारतात, शेवटचं मनमोकळं कधी बोललात? (पाण्याच्या टाकीबद्दल बोललो होतो, ते त्यांनी धरलं नाही.) त्यांचा गृहपाठ असा, की रोज संध्याकाळी वीस मिनिटं हातात हात घेऊन गप्प बसायचं. बत्तीस वर्षं मी वर्ग गप्प बसवला, आता माझीच पाळी. सहा महिने झाले. दमले गं.

परवा फॉर्म आला, 'उपचारांबाबत जोडीदाराचे समाधान'. सवयीने लाल पेन घेतलं, छापील मजकुरातल्या शुद्धलेखनाच्या दोन चुका दुरुस्त केल्या आणि खाली शेरा लिहिला, 'प्रगती समाधानकारक'. समुपदेशक बाईंनी तो कौतुकाने मोठ्यांदा वाचला. चौघंही खूश. हे मात्र पांढरे पडले. यांच्या प्रगतिपुस्तकात दहा वर्षं हाच शेरा होता, आणि त्याचा अर्थ यांना पक्का माहीत आहे: ढकलून पास. घरी येऊन म्हणाले, "त्यापेक्षा सरळ नापास करायचंस!" आणि उशी उचलून दिवाणखान्यात मुक्काम हलवला. गोळ्या बंद, व्यायाम बंद, हात खिशात. सहा महिन्यांची मेहनत माझ्या एका शब्दाने पाण्यात गेली. आणि समजूत घालणं मला कधी जमलं आहे? मी फार तर फेरतपासणी करू शकते.

तुझी,
थोरली

ता. क. तुम्ही दोघं पुढच्या महिन्यात येणार होतात, ते या रविवारीच या. दिवाणखाना तुम्हाला द्यावा लागेल, म्हणजे यांना उशीसकट परतावंच लागेल. खरं तर पत्र त्यासाठीच.

ता. ता. क. पाकीट चिकटवायचं राहिलं होतं, बरं झालं. सकाळी दवाखान्यातून फॉर्म परत आणला. 'उत्तम' लिहिलं नाही, खोटे गुण मी कोणालाच दिले नाहीत. जुना शेरा खोडून लिहिलं, 'मला ती वीस मिनिटं आवडतात', आणि कागद यांच्या चष्म्याखाली ठेवला. आत्ता पाहते तर उशी जागेवर आली आहे.

तेव्हा येऊ नका. पुढच्या महिन्यातही नको.